पाणी मारा, ठेवतो

सहादू डेर्ल्यांचा राग नाशकात कुणाला नवा नव्हता. द्वारका चौकातल्या ट्रान्सपोर्टवाल्यांपासून सातपूरच्या लेथवाल्यांपर्यंत प्रत्येकाने तो एकदा तरी अंगावर घेतलेला. साइटच्या फाटकातून त्यांची गाडी वळली की गवंड्यांच्या विड्या विझायच्या, मोबाइलवरची गाणी बंद पडायची आणि सुपरवायझर आधीच मोजलेली भिंत उगाचच टेप ताणून पुन्हा मोजायला लागायचा. आप्पा उतरायचे. सगळे त्यांना आप्पाच म्हणत. कुणाकडे न बघता आत जायचे आणि हातातल्या किल्ल्यांच्या जुडग्याने नवा गिलावा जागोजागी ठोकायचे. आवाज भरीव आला तर पुढे. पोकळ आला तर तिथल्या तिथे हातोडा मागवून भिंत सोलून काढायची, आणि ती सोलून होईपर्यंत त्या मिस्त्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार चालायचा.

"आमच्याकडे दोन बॉयलर आहेत," त्यांची बायको कलाबाई पाहुण्यांना सांगायची. "एक सायखेड्याच्या मळ्यात आणि एक इथं सोफ्यावर. मळ्यातल्याला निदान शिट्टी तरी आहे. हा न सांगता फुटतो."

आप्पा मूळचे सायखेड्याचेच. पाच भावांत वाटणी झाल्यावर जमीन अंथरुणाएवढी उरली, तेव्हा सतराव्या वर्षी ते नाशकात आले आणि एका ठेकेदाराकडे स्लॅबखालच्या सेंटरिंगच्या फळ्या ठोकायला लागले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी फळ्या लावलेला एक छज्जा महिन्याभरात खाली आला. दुपारची सुट्टी होती म्हणून खाली कुणी नव्हतं. काँक्रीटमध्ये खोट नव्हती, सळईत नव्हती. ठेकेदाराने स्लॅबवर पाणी मारायला माणूस ठेवला नव्हता, एवढंच. ओतलेल्या स्लॅबला एकवीस दिवस पाणी पाजावं लागतं. तो वरून वाळला तरी आतून तहानलेला असतो. हे सहादूला त्या दिवशी समजलं आणि पुढची पन्नास वर्षं त्याने ते दुसऱ्या कुणाला विसरू दिलं नाही.

स्वतःचा ठेका सुरू झाला, मग इमारती, मग कंपनी, मग सायखेड्यातच विकत घेतलेला मळा. पण फोनवरचा त्यांचा शेवट बदलला नाही. "बरंय", "येतो", "रामराम" हे शब्द त्यांच्या फोनला माहीत नव्हते. बोलणं संपलं की आप्पा म्हणायचे, "पाणी मारा, ठेवतो." सुपरवायझरला म्हणायचे, तसंच बँकेच्या मॅनेजरलाही म्हणायचे. एकदा व्याह्यांच्या घरी कुणी वारलं तेव्हा त्यांनी अगदी हळव्या आवाजात सांत्वन केलं आणि शेवटी तेच म्हणून फोन ठेवला. कलाबाई महिनाभर व्याह्यांना तोंड दाखवत नव्हती.

इंजिन त्यांच्या आयुष्यात आलं ते बारा-तेरा वर्षांपूर्वी, आणि तेही रागातूनच. शेजारच्या जिल्ह्यातला एक साखर कारखाना कायमचा बंद पडला होता. तो पाडून जागा मोकळी करायचं काम आप्पांच्या कंपनीला मिळालं. कारखान्याच्या मागे एका पत्र्याच्या शेडमध्ये उसाच्या वाघिणी ओढणारी दोन छोटी वाफेची इंजिनं उभी होती. भंगाराच्या यादीत तीही होती. आप्पांनी यादी न वाचता सही केली. दोन दिवसांनी ते तिथे गेले तेव्हा पहिलं इंजिन गॅसकटरखाली अर्धं झालं होतं. बाहेरून गंजाने काळं पडलेलं ते धूड आत तांब्याचं होतं. भट्टीचा पत्रा नुकत्याच घासलेल्या घागरीसारखा झळकत होता, आणि कटरची निळी जीभ त्यावरून शांतपणे फिरत होती.

आप्पा तिथे किती वेळ उभे होते कुणी मोजलं नाही. मग ते ओरडले. कापायचा कागद त्यांच्याच सहीचा होता, त्यामुळे हा राग कुणावर काढायचा हे त्यांना कळेना. सवयीने त्यांनी तो कटरवाल्यावर काढला. तो बिचारा चष्मा कपाळावर चढवून बघतच राहिला.

दुसरं इंजिन ट्रेलरवर चढवून सायखेड्याला आणलं गेलं. चिमणी बुटकी, चाकं बुटकी, म्हणून मळ्यातल्या माणसांनी तिचं नाव बुटकी पाडलं. तिच्यासाठी शेड उभी राहिली. द्राक्षाच्या दोन बागांच्या मधून पाऊण किलोमीटर रूळ पडले. सातपूरच्या छोट्या वर्कशॉपांमध्ये एकेक व्हॉल्व्ह, एकेक पिन नमुन्यावरून नव्याने घडली. आप्पा स्वतः लेथजवळ स्टूल टाकून बसायचे आणि केसभर फरक दिसला की वस्तू फेकून द्यायचे. त्याच वर्षांत ते उटीला, दार्जिलिंगला जाऊन आले. कुठल्या कारखान्यात, कुठल्या गोदामात जुनं इंजिन पडलंय याची बातमी लागली की गाडी काढायचे. चार इंजिनं त्यांनी कटरखालून ओढून काढली आणि ती नीट ठेवतील अशा माणसांच्या हवाली केली. सरकारला लिहिलेल्या पत्रांची तर फाइल झाली होती. त्यातलं एकही पत्र "विनंती" या शब्दाने सुरू होत नव्हतं.

एका वार्ताहराने विचारलं, "आप्पा, हा छंद कसा लागला?"

"छंद पोस्टाच्या तिकिटांचा असतो," आप्पा म्हणाले. "हे काम आहे. पुढचं विचार."

ज्याच्यावर आप्पा ओरडत नसत असा जगात एकच माणूस होता. मनमाडचे लहानू केदारे. रेल्वेत अडतीस वर्षं बॉयलरवर काम केलेले, आता अठ्ठ्याहत्तरीचे, अंगाने काडी. आठवड्यातून तीन दिवस ते बसने यायचे. ते "जय भीम, शेठ" म्हणायचे, आप्पा "रामराम, बाबा" म्हणायचे, आणि काम सुरू व्हायचं. पहिल्या महिन्यातच आप्पांनी त्यांच्यावर एकदा आवाज चढवला होता. केदारेबाबांनी हातातला पाना खाली ठेवला, चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने दोन्ही काचा सावकाश पुसल्या, परत घातला आणि विचारलं, "झालं का, शेठ?" त्यानंतर कधी झालं नाही.

बाबांनी सुपरवायझर महेशला आगीचं काम शिकवलं. महेश आप्पांकडे तेवीस वर्षं होता. सांगितलेलं चोख करणारा, न सांगितलेलं कधीच न करणारा. बाबा त्याला म्हणायचे, "पेटवायला अर्धा दिवस लागतो आणि थंड व्हायला दीड. ही घाईची वस्तू नाही. धावून आली की आग दाबून ठेवायची आणि बाजूला व्हायचं. ती आपली आपण निवते. माणसाने मध्ये तोंड घालायचं नाही."

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी बॉयलर तपासायला सरकारी अधिकारी येणार होते. त्यांचं प्रमाणपत्र मिळालं की बुटकी माणसांना घेऊन धावायला मोकळी. तेरा वर्षांचं सगळं त्या एका सोमवारवर येऊन टेकलं होतं. आदल्या रविवारी शेवटची चाचणी झाली. पहाटेच पेटवलेल्या भट्टीने सकाळी साडेनऊला वाफ धरली, बाबांनी दांडा ओढला आणि बुटकी हलली. आधी एक कण्हणं, मग एक ढेकर, मग खरंच चाल. द्राक्षं तोडणाऱ्या बायका कात्र्या हातात धरून बांधावर आल्या. ती बागेच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. पायरीवर तेलाचं फडकं राहिलं होतं, त्यावरून आप्पा महेशवर दुप्पट ओरडले, कारण त्यांचा आवाज घोगरा झाला होता आणि तो लपवायला दुसरा उपाय नव्हता.

दुपारी एकला बाबांनी आग दाबली, भट्टीचं दार लावलं. पुतणीचं लग्न होतं, त्यांना मनमाडला जायचं होतं. "उद्या पहिल्या बसने येतो," ते महेशला म्हणाले. "तोवर कोणी हात लावायचा नाही." आप्पाही कामासाठी नाशकात गेले.

आता रविराजचं सांगायला हवं. आप्पांचा एकुलता एक मुलगा, छत्तीस वर्षांचा, पुण्यात शिकलेला, धंद्यात वाकबगार. वाईट मुलगा नव्हता. पण बुटकीकडे तो ज्या डोळ्यांनी बघायचा त्या डोळ्यांचा आप्पांना तिटकारा होता. पाथर्डी फाट्यापुढे त्यांची नवी वसाहत उभी राहत होती. तिचं नाव रविराजने 'स्टीम व्हॅली' ठेवलं होतं, आणि फाटकाशी चौथऱ्यावर, रंग देऊन, दिवे सोडून बुटकीला उभं करायचं त्याच्या मनात होतं.

"पप्पा, मेन्टेनन्स झिरो. लोक सेल्फी काढतील. ब्रँड होईल."

"जिवंत माणसाचा पुतळा उभारतात का रे?"

"इंजिन आहे ते, पप्पा."

"म्हणूनच चालायला पाहिजे. उभं राहायला तू आहेस की."

रविवारी संध्याकाळी पाच वाजता आप्पा द्वारकेच्या चौकात अडकले होते. समोर कंटेनर, मागे कंटेनर, डावीकडे एक रिक्षा आरशाला आरसा घासून उभी. तेवढ्यात महेशचा फोन आला.

"आप्पा, रविदादा आलेत मळ्यात. दोन बस भरून."

"कशाला?"

"मिसळ पार्टी आहे म्हणे. फ्लॅट बुक करणारी मंडळी. पोरं इंजिनावर चढायला लागलीत, आणि एक फोटोवाला मोठे दिवे घेऊन आत..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मागून बुटकीची शिट्टी ऐकू आली. आखूड, अर्धवट, कुणीतरी हसत ओढलेली. तिच्यामागोमाग टाळ्या.

आप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेरा वर्षांत ती शिट्टी बाबांच्या हाताशिवाय वाजली नव्हती.

"बंद कर!" ते ओरडले. शेजारचा रिक्षावाला दचकून बघायला लागला. "बंद कर ते सगळं! आत्ताच्या आत्ता! शेडमध्ये एक माणूस दिसता कामा नये!"

"आप्पा, पण बंद म्हणजे..."

"मराठी कळत नाही? बंद म्हणजे बंद! मला उलट विचारू नको, महेश! तुझ्या बापाला विचार बंद म्हणजे काय! पाणी मारा, ठेवतो!"

फोन ठेवला. कंटेनर दोन हात पुढे सरकला.

मळ्यावर पोचायला त्यांना सव्वा तास लागला. बस निघून गेल्या होत्या. बांधावर कागदाच्या डिश उडत होत्या, पातेल्यात उरलेल्या रश्श्यावर तर्री गोठली होती. शेडच्या पत्र्याखालून पांढरी वाफ हळूहळू बाहेर येत होती. आत टप टप असा आवाज येत होता, छत गळावं तसा. आयुष्यात ज्या आवाजाचा त्यांना सगळ्यात जास्त संताप यायचा, तोच.

बुटकीच्या खाली पाण्याचं थारोळं होतं, राखेने काळं झालेलं. भट्टीचं दार उघडं होतं. आप्पांनी आपल्या गाडीच्या चालकाच्या हातातली बॅटरी हिसकावली आणि वाकून आत प्रकाश टाकला. बॉयलरच्या नळ्यांच्या तोंडातोंडातून पाणी झिरपत होतं. आणि तांब्याच्या पत्र्यावर, दोन भोकांच्या मध्ये, केसासारखी एक रेघ. बोटाने चाचपली तर नखाला लागत होती.

भट्टीत पाणी मारलं होतं. पेटत्या निखाऱ्यांवर, तापलेल्या तांब्यावर, विहिरीचं गार पाणी. नळीने.

"कोण?" आप्पा म्हणाले. मग ओरडले, "कोणी केलं हे?"

शेडच्या कोपऱ्यात रुळांखालच्या लाकडी स्लीपरच्या थप्पीवर महेश बसला होता. उजवा हात कोपरापर्यंत बादलीत. तो उठायला लागला. पण आप्पांचं लक्ष त्याच्या हाताकडे नव्हतंच. त्यांचं लक्ष गेलं नळी गुंडाळणाऱ्या भिमाबाईकडे. भिमाबाई येवल्याकडची, नवऱ्यामागे एकटी. वीस वर्षं आप्पांच्या साइटवर राखणीला होती आणि आजवर निदान तीस इमारतींच्या स्लॅबवर तिने पाणी मारलं होतं. आता मळ्याची राखण तिच्याकडे होती.

"तू? अगं भवाने, तेरा वर्षं! तेरा वर्षं मी... तुला डोकं आहे का? आगीवर पाणी? चालती हो! आत्ताच्या आत्ता चालती हो माझ्या मळ्यातून! आणि तू रे, तू कुठं मेला होतास?"

महेश म्हणाला, "आप्पा, तुम्ही फोनवर..."

"मी काय फोनवर?"

भिमाबाईने नळीचं वेटोळं खाली ठेवलं.

"तुमीच म्हनले," ती म्हणाली. "फोन स्पीकरवर व्हता, सगळ्यांनी आयकलं. बंद कर, पानी मारा. मी म्हनले व्हते महेशभाऊला, आवो, तापल्या तव्यावर गार पानी टाकलं तर तवा तडकतो, ह्ये तर केवढं मोठं हाय. भाकरी करनाऱ्या कुन्या बी बाईला इचारा. मी म्हनले, आप्पाला परत फोन करा. तर म्हने, आप्पानी सांगितलंय, परत इचारलं तर जीव घेतील."

आप्पांनी हातातली बॅटरी विझवली.

"मंग मी नळी त्यांच्या हातात दिली," भिमाबाई म्हणाली. "मी नाय मारलं. वाफ उलटी फिरली आन् हात भाजला त्यांचा. कातडं निघालंय. तुमी आले, त्या तांब्यावरून हात फिरवला. मानसाच्या हाताचं नाय इचारलं."

आप्पांना राग आला होता. तो गेला नव्हता, उलट वाढला होता. पण आता त्याला टेकायला जागा मिळेना. रविराजवर टाकावा तर तो मिसळ आटोपून निघून गेलेला. महेशवर टाकावा तर त्याने सांगितलेलं केलेलं. "पाणी मारा" म्हणजे आपल्या तोंडी काहीच नसतं, तो नुसता रामराम आहे, हे जगात सगळ्यांना माहीत आहे असं ते धरून चालले होते. पण ज्याला पन्नास वर्षं कुणी उलट विचारलं नाही, त्याच्या तोंडातला प्रत्येक शब्द हुकूमच होतो. त्यांनी महेशचा हात बादलीतून बाहेर काढला. बघवेना. "गाडीत बस," ते खेकसले. नाशकापर्यंतच्या रस्त्यात त्यांनी तो हात ओल्या फडक्यात, मनगटाला धरून, खड्ड्यांत हिसका बसू नये म्हणून उंच धरून ठेवला.

दवाखान्याच्या बाकावर रविराजचा फोन आला.

"पप्पा, कळलं मला. सॉरी. पण मला वाटतं, आता तरी प्रॅक्टिकल विचार करू. तडा दिसणार नाही, वरून रंग देऊ. चौथऱ्यावर ठेवायला बॉयलर कशाला लागतो? आणि चूक तर तुमच्याच माणसाने केली ना."

आप्पा त्याला काय काय बोलले ते दवाखान्यातल्या सिस्टरने मध्येच येऊन थांबवलं. फोन ठेवताना नेहमीचे शब्द त्यांच्या ओठांशी आले. ते त्यांनी गिळले आणि तसाच फोन कापला.

सोमवारी पहिल्या बसने केदारेबाबा आले. शेडच्या दारातच त्यांना वास आला असावा, कारण ते "जय भीम" म्हणायचे राहिले. अंगातला सदरा काढून त्यांनी खुंटीला लावला, दातात बॅटरी धरली आणि भट्टीच्या दारातून खांद्यापर्यंत आत शिरले. अर्ध्या तासाने बाहेर आले तेव्हा पांढऱ्या केसांवर राख होती.

"नळ्या सगळ्या काढायच्या," ते म्हणाले. "तांब्याचा पत्रा कापून नवा बसवायचा. असा पत्रा आता कुठे मिळतो तेच आधी बघावं लागेल. दोन वर्षं. मला सध्या अठ्ठ्याहत्तर."

दहाला तपासणी अधिकारी आले. त्यांच्यामागोमाग रविराज आला, इस्त्रीच्या शर्टात. त्याने वडिलांना बाजूला घेतलं. "साहेबांना सांगू, बॉयलरचा पंप बंद पडला. कुणाचं नाव नको."

हाताला पांढरी पट्टी गुंडाळलेला महेश पुढे झाला. "माझ्या हातून झालं असं लिहा, साहेब. ते खरंही आहे."

या इमानदारीने आप्पांचा उरलासुरला धीर संपला.

"गप्प बस!" ते महेशवर गरजले. "साहेब, मी सांगितलं. लिहा. मालकाने सांगितलं."

"पण आप्पा, तुम्ही तसं म्हणाला नव्हता," महेश म्हणाला. "रात्रभर विचार केला मी. तुम्ही नेहमीसारखं म्हणाला होता. मीच..."

"मी काय म्हणालो ते सोड. एवढंच सांग, मी असं काय बोललो असतो की तू मला उलट विचारलं असतंस? आं? एक गोष्ट सांग. 'भट्टीत उडी टाक' म्हटलं असतं तर विचारलं असतंस?"

रविराजने मोबाइल खिशात घातला. अधिकारी बराच वेळ लिहीत होते. मग त्यांनी सही केली, दुसरी प्रत आप्पांच्या हातात दिली आणि निघून गेले. बुटकीला यावर्षी परवानगी नव्हती. पुढच्या वर्षीही नसणार होती.

रविराज जाताना म्हणाला, "चौथऱ्याचा विचार करा, पप्पा."

"आधी तुझा चौथरा बांधतो," आप्पा म्हणाले.

केदारेबाबा सदरा अंगात घालत होते. बटणं लावता लावता म्हणाले, "मी येईन, शेठ. नळ्या काढायला सुरुवात करू. पण भट्टीवर महेश नको. सज्जन आहे, हुशार आहे. पण तुमच्या आवाजापुढे त्याला दुसरं काही ऐकू येत नाही. मला ती बाई द्या."

"कोणती बाई?"

"भिमाबाई."

"बाबा, डोकं ठिकाणावर आहे का? तिला अक्षर वाचता येत नाही!"

"वाफेचा काटा वाचायला बाराखडी लागत नाही. महेशने मला सगळं सांगितलंय. काल एवढ्या माणसांत तापल्या धातूला काय सोसत नाही हे फक्त तिला माहीत होतं. आणि तिने ते बोलून दाखवलं. दोन्ही गोष्टी एका माणसात मला अडतीस वर्षांत चार-पाच वेळा भेटल्या असतील."

"राखणीच्या बाईच्या हातात मी माझं इंजिन देऊ? लोक काय म्हणतील? तुम्ही म्हातारे झालात, बाबा! तुम्हाला काही..."

केदारेबाबांनी या वेळी चष्मा पुसला नाही. पिशवी उचलली, चपला पायात सरकवल्या, "जय भीम" म्हणाले आणि चालू लागले. दोन बागांमधल्या रुळांवरून, स्लीपर मोजल्यासारखी पावलं टाकत, रस्त्याच्या दिशेने.

आप्पा शेडच्या दारात उभे राहिले. ओरडून थांबवता आलं असतं. त्यांनी श्वासही घेतला होता. पण कालपासून त्यांना आपल्याच आवाजाची धास्ती वाटायला लागली होती. तो कुठे जाऊन पडेल आणि त्याचं काय होईल, याचा काही नेम नव्हता. शेवटी ते स्वतः निघाले. सदुसष्टाव्या वर्षी, उन्हात, जड अंगाने, प्रत्येक स्लीपरवर मनात एकेक शिवी हासडत. बागेच्या टोकाशी त्यांनी बाबांना गाठलं. दम लागला होता.

"थांबा," ते म्हणाले. "तुमचं म्हणणं मला पटलेलं नाही."

"बरं," बाबा म्हणाले.

"पण तिलाही विचारायला पाहिजे ना. ती हो म्हणते का ते."

दोघं परत आले. भिमाबाई शेडमागच्या खोलीपुढे चुलीवर भाकरी करत होती. शेजारी दोन गाठोडी बांधून ठेवलेली. आप्पांनी काल चालती हो म्हटलं होतं आणि तिने ते ऐकलं होतं. बाबांनी तिला काय हवंय ते सांगितलं. तिने भाकरी उलटली, हाताचं पीठ झटकलं.

"मला नाय जमायचं."

"का?" आप्पा म्हणाले.

"तुमी वरडता."

"मग? सगळी उमर ओरडलो. आता तोंड शिवून घेऊ?"

"नका शिवू. तुमचं तोंड हाय." तिने तव्याखालचं एक लाकूड मागे ओढलं. "पन मंग मी बी वरडंन. मला जे खोटं वाटंल त्ये मी करनार नाय, आन् तसं तोंडावर सांगंन. मंग म्हनू नका, बाई माजली."

आप्पांच्या कपाळाची शीर उडत होती. एवढं त्यांना भावानेही कधी सुनावलं नव्हतं. त्यांनी केदारेबाबांकडे बघितलं. बाबा बागेकडे बघत होते. मग आप्पांनी गाठोड्यांकडे बघितलं, आणि ती गाठोडी बांधलेली बघूनच त्यांना आणखी संताप आला.

"हे कशाला बांधलंय? सोड ते!" ते ओरडले. "कधीपासून येतेस कामाला?"

"वरडू नका!" भिमाबाई तितक्याच मोठ्याने म्हणाली. "भाकरी झाल्यावर."